माशांची हजेरी

हत्तुरे बाईंच्या गळ्यात दोन दोरे असत. एकात चांदीच्या करडगीतलं, म्हणजे डबीतलं, लिंग, दुसऱ्यात पितळेची शिट्टी. पहिल्याची पूजा त्या रोज सकाळी करत आणि दुसरी दिवसभर वाजवत. राग आला की त्यांचा हात छातीकडे जायचा, आणि नेमका कुठला दोरा हाताला लागतो हे आम्ही बाकीच्या शिक्षिका बघत राहायचो. लिंग हाताला लागलं तर बाई डोळे मिटून क्षणभर थांबत आणि समोरचा सुटायचा. शिट्टी लागली तर त्याचं काही खरं नसे.

सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवत. उंच, सडसडीत अंग, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पदर कमरेला असा घट्ट खोचलेला, की लग्नाच्या पंगतीत वाढतानाही या आता खो-खोला उतरणार असं वाटावं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, हे विचारायची छाती आमच्या मुख्याध्यापिकांचीही झाली नव्हती. शाळेत सायकलवर येत. रस्त्यात कुणी वाकडं आडवं आलं तर सायकलची घंटी वाजवायच्या भानगडीत न पडता सरळ शिट्टीच फुंकत, आणि बैलगाडीवालासुद्धा कडेला घ्यायचा.

मी अकलूजची. मराठी शिकवायला नुकतीच लागले होते, सोलापुरात ओळखीचं कुणी नव्हतं, आणि बेडूक दिसला तरी मी खुर्चीवर चढत असे. बाईंनी मला आपल्या घराची मागची खोली देऊन टाकली. "ऱ्हा की हितं," म्हणाल्या. "दोघी असलो तर कॅरम तरी हुईल." मला त्या तंगी म्हणायच्या. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. घरात त्या कानडी आणि मराठी अशा मिसळून बोलत, की कुठली संपली आणि कुठली सुरू झाली ते कळत नसे.

बहात्तरचा दुष्काळ होता. बाईंचं गाव अक्कलकोटकडचं. तिथे महादेवाच्या देवळापुढे एक दगडी कुंड होतं आणि कुंडात मासे होते. देवाचे मासे. गावात सगळेच काही शाकाहारी नव्हते, पण त्या माशांना कुणी हात लावला नव्हता. कुणाकडे मूल झालं, कुणाचं लग्न ठरलं, की आधी कुंडावर जाऊन माशांना चुरमुरे टाकायचे आणि मग माणसांचं तोंड गोड करायचं, असा तिथला रिवाज. बाई जन्मल्या तेव्हाही टाकले होते म्हणे. "मुलगी झाली म्हणून आज्जी नको म्हनत हुती," त्या सांगायच्या. "माज्या बापानं पोतंभर टाकले."

एके दिवशी गावाकडून आलेल्या माणसाबरोबर देवळाच्या पुजाऱ्याचा निरोप आला, कुंड आटत आलंय, येऊन बघून जा. त्या रविवारी आम्ही दोघी एस.टी.नं गेलो. मी काहीच कामाची नव्हते, पण दुधाच्या कॅनांचे कान धरायला कुणीतरी हवं होतं. कुंडात मधोमध परातीएवढं डबकं उरलं होतं आणि त्यात सगळे मासे एकमेकांवर वळवळत होते. पायऱ्यांवर बगळे बसले होते, शिस्तीत, जणू पंगतीत पान मांडायची वाट बघत. म्हातारा पुजारी, सगळे त्याला अज्जा म्हणत, काठी घेऊन सकाळपासून त्यांना हाकलत होता. हाकलून हाकलून त्याचा आवाज बसला होता.

"माज्या आज्यानं सांबाळलं, बापानं सांबाळलं," तो बाईंना त्यांच्या नावानं हाक मारत म्हणाला. "आता माज्या हातनं कुंड मोकळं व्हायला लागलंय बघ, सुगला." आणि तो रडायला लागला. एवढा म्हातारा माणूस उन्हात उभा राहून रडताना मी कधी पाहिला नव्हता.

बाईंचा हात छातीकडे गेला. लिंगावर थांबला. "मी नेते अज्जा," त्या म्हणाल्या. "कुंड भरलं की आनून सोडते."

"समदे?"

"समदे."

तो एक शब्द. पुढचं सगळं वर्ष आमच्या घरात त्या एका शब्दाचा धाक होता.

परत येताना कंडक्टरनं एका कॅनवर टिचकी मारली. "बाई, दूध हाय का?"

"पाहुणे हाईत," बाई म्हणाल्या, आणि झाकण उघडून दाखवलं. कंडक्टर आत वाकून बराच वेळ बघत राहिला. मग ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, "दमानं घे रं, धक्के नकोत." सोलापूर येईपर्यंत गाडीतल्या प्रत्येकानं एकदा तरी कॅनमध्ये डोकावून घेतलं.

बाईंच्या घरामागे एक आड होता, आणि आडाला लागून जुना हौद. आडाचं पाणी मचूळ, पिण्याच्या कामाचं नाही, म्हणून त्या टंचाईतही कुणाच्या तोंडचं पाणी काढून माशांना दिलं असं झालं नाही. तरी बोलणारे बोललेच. लिंगायताच्या घरात मासे, म्हणून बाईंच्या एका चुलतभावानं त्यांच्याकडे चहा घेणं सोडलं. "त्येला सांगा," बाई म्हणाल्या, "मी मासे खात न्हाई, माशांना खाऊ घालते. फरक कळाला की चहाला ये."

दुसऱ्या दिवसापासून हजेरी सुरू झाली. सकाळी पूजा आटोपली की बाई हौदाच्या काठावर बसायच्या, तीन टाळ्या वाजवायच्या आणि मूठभर चुरमुरे टाकायच्या. थोड्याच दिवसांत मासे टाळ्यांना वर यायला लागले. त्यांत एक काळा, वीतभर लांब, एका डोळ्यानं अधू मासा होता. तो सगळ्यांत पुढे असायचा. बाईंनी त्याचं नाव कॅप्टन ठेवलं. कुणी वर आलं नाही की बाईंचा चेहरा उतरायचा, मग त्या पालथ्या झोपून पाण्यात बघत बसायच्या आणि ते मासोळं कोपऱ्यातून निघालं की मला हाक मारायच्या, "सापडलं ग तंगी, सापडलं." शाळेत मुलगी आजारी पडली तर चौकशी करायच्या त्याच जिव्हाळ्यानं.

पण आजूबाजूला मैलोन्मैल पाणी नव्हतं. ओढे सुकलेले, तळी भेगाळलेली. अशा वेळी आमचा हौद म्हणजे सगळ्या पाखरांना आभाळातून दिसणारं एकमेव ताट होतं. आधी खंड्या आला. निळाभोर, लालचुटुक चोचीचा, विजेच्या तारेवर बसलेला. मी कौतुकानं "बाई, किती सुंदर" म्हणते आहे, तोवर तो बाण सुटावा तसा खाली आला आणि एक मासोळी घेऊन गेलासुद्धा.

बाईंनी अशी शिट्टी फुंकली, की पलीकडच्या घरात पॉवरलूमचा पट्टा दुरुस्त करणारा नरसय्या धावत आला. नरसय्या बाईंचा शेजारी, विणकर, तेलुगू बोलणारा, आणि बाईंवर नितांत श्रद्धा असलेला. काय झालं ते ऐकून तो गलोल घेऊन आला. बाईंनी ती हातातून काढून घेतली.

"दगड न्हाई. फाऊल हाय."

"मग वो बाई, तेला सांगून ऐकतंय का?"

"तेला पन पोट हाय. आपन फक्त पकडू द्यायचं न्हाई."

हा त्यांचा नियम. पुढच्या अंगणात लिंबाखाली त्यांनी मोठी परात पाण्यानं भरून ठेवली होती. पाणी कुणीही प्यावं, खंड्यानं, कावळ्यानं, मुंगसानंही. हौदाला मात्र हद्द. आणि हद्द म्हणजे खरोखरचीच हद्द. शाळेच्या मैदानावर आखणी करतात ती पांढरी फक्की आणून त्यांनी हौदाभोवती रेघ मारली. मी खूप हसले. "बाई, बगळ्याला रेघ वाचता येते का?" त्या रेघ मारत राहिल्या. त्याचं उत्तर मला पुढे मिळायचं होतं.

नरसय्यानं एक युक्ती काढली. मागावरून उतरलेल्या ताण्याचं उरलेलं सूत त्याच्याकडे गुंडाळीनं पडलं होतं. चार काठ्या रोवून हौदावर आडवंउभं सूत ताणलं, तर पाखरू खाली उतरणार कसं? आम्ही तिघांनी एक अख्खी दुपार घालवून ते ताणलं. लाल, हिरवं, पिवळं सूत. हौद लग्नाच्या मांडवासारखा दिसायला लागला. नरसय्या कमरेवर हात ठेवून बघत होता. आपल्या धंद्यातली वस्तू देवाच्या कामी आली याचं त्याला फार अप्रूप वाटत होतं.

आता, ताण्याच्या सुताला खळ दिलेली असते. मागावर सूत तुटू नये म्हणून पिठाची खळ. हे नरसय्याला जन्मापासून माहीत, इतकं माहीत की ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. रात्रीच्या दमटपणानं सूत सैल पडलं, मधोमध झोळ येऊन पाण्याला टेकलं, आणि माशांना मेजवानी झाली. सगळे मासे त्या सुताला लागून वर येऊन खळ खात बसले. सकाळी आम्ही मागचं दार उघडलं, तर सुतातून वाट काढून एक ढोकरी, बगळ्याच्याच जातीतली, काठावर उभी. मातकट रंगाची, मान आखडून, अगदी साधी. आम्ही घरात पूजा, चहा करत होतो तेवढा वेळ तिनं ताटात वाढलेलं खावं तसे मासे उचलले होते. उडाली तेव्हा पंख पांढरेशुभ्र निघाले. खंड्या तर आम्हीच रोवलेल्या काठीवर बसला होता.

त्या सकाळच्या हजेरीला बरेच आले नाहीत. बाईंनी पुन्हा पुन्हा टाळ्या वाजवल्या. कॅप्टन होता, पण त्याच्यामागची रांग विरळ झाली होती. नरसय्या भिंतीला टेकून उभा होता. बाई उठल्या, त्याच्याजवळ गेल्या. मला वाटलं, आता शिट्टी.

"मॅच संपली न्हाई, नरसय्या," त्या म्हणाल्या. "सूत काढू या."

पण दिवसभर त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "अज्जाला समदे म्हनले हुते ग. आता कुठल्या तोंडानं जाऊ?" तेव्हा मला प्रथमच वाटलं, की या बाई आपल्यासारख्याच घाबरतात, फक्त घाबरल्यावर बूट घालतात.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शाळेच्या गोदामातून व्हॉलीबॉलच्या दोन जुन्या जाळ्या आणल्या. एकीची भोकं मोठी, म्हणून दुसरी तिच्यावर थोडी सरकवून घातली, आणि कडेनं विटा ठेवून अशी ताणली की बोट टेकवलं तरी झोळ पडू नये. तळाला फुटके माठ आडवे टाकले, माशांना पळून लपायला. खंड्या येऊन तारेवर बसायचा, बघायचा, आणि शेवटी चिरचिर करत निघून जायचा. बाई त्याला खालून कानडीत म्हणायच्या, "होगप्पा, होग." म्हणजे, जा बाबा, जा.

आणि फक्कीचं उत्तर मला मिळालं. एका सकाळी बाईंनी मला बोलावलं आणि पांढऱ्या रेघेकडे बोट दाखवलं. रेघ एका जागी पुसली होती आणि तिथे नागमोडी वळण उमटलं होतं. माझी पाचावर धारण बसली. बाई मात्र आनंदल्या होत्या. "बघ. कोन आलं, कुठनं आलं, समदं लिहून ठिवतीय फक्की." वळणाचा माग काढत त्या मोरीपर्यंत गेल्या. हौदाचं जादा पाणी वाहून जायच्या भोकातून दिवड, म्हणजे पाणसाप, ये-जा करत होती. बिनविषारी असते, असं बाई मला समजावत होत्या. मी ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उभी राहून ऐकत होते. भोकाला पितळी गाळणी ठोकून बसवली, आमच्याच चहाची. पुढे कितीतरी दिवस आम्ही चहा पदरानं गाळून प्यालो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक गोष्ट घडली. मी हौदाशी दात घासत होते आणि पाण्यात काहीतरी हलल्यासारखं वाटलं. बारीक, मोहरीएवढे डोळे. डोळेच डोळे, मागे नुसती काचेसारखी रेघ. मी ओरडले, बाई पूजा अर्धवट टाकून आल्या, आयुष्यात पहिल्यांदाच टाकली असेल, आणि आम्ही दोघी काठावर गुडघे टेकून हसत सुटलो. माठांच्या आडोशाला पिल्लं झाली होती. "रांग भरली ग," बाई म्हणाल्या. "अज्जाला तोंड दाखवता येईल." त्यांनी तिथल्या तिथे नरसय्याच्या घरी चुरमुरे पाठवले. मूल झाल्यासारखे.

आणि नेमकं तेव्हाच जाळीवर टाच आली. शाळांच्या व्हॉलीबॉलचा अंतिम सामना आमच्या मैदानावर ठरला आणि आदल्या दिवशी सरावात शाळेची चांगली जाळी फाटली. मुख्याध्यापिकांनी बाईंना विचारलं, जुन्या जाळ्या कुठे आहेत? बाईंनी सांगून टाकलं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, ते त्यांच्या मते फाऊल होतं. "मुलींची जाळी मुलींना मिळंल," म्हणाल्या, आणि दुपारी, एकीला दुसरीचं ठिगळ लागेल म्हणून, स्वतःच्या हातानं दोन्ही सोडून सायकलला बांधल्या. मुलींजवळ त्या स्वतः हव्या होत्या. म्हणून हौदावर मी.

निघताना त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. "जपून वाजव. उगं वाजवत बसलीस तर पाखरांना सवय हुते, मग ऐकत न्हाईत. वाकलं की वाजव."

"आणि तुम्ही सामन्यात काय वाजवणार?"

"तोंड हाय की."

त्या दुपारी मी जे केलं ते नरसय्यानं पुढे सगळ्या गल्लीला करून दाखवलं. पिल्लं सगळी वर, उन्हाला आलेली. जाळी निघाल्याचं खंड्याला कुणी सांगितलं कोण जाणे, तो पाचव्या मिनिटाला तारेवर हजर. पाठोपाठ ढोकरी भिंतीवर. मी एकीकडे बघितलं की दुसरं सरकायचं. खंड्यानं मान खाली घातली, मी फुंकली, तो उडाला. ढोकरी काठावर उतरली, मी छत्री फाडकन उघडली, ती भिंतीवर गेली. नरसय्या पलीकडून थाळी बडवत होता. मध्येच पायाजवळ काहीतरी सळसळलं, मुंगूस, आणि मी, बेडकाला भिणारी मी, त्याच्या अंगावर धावून गेले. पदर कधी खोचला मला आठवत नाही. घामानं निथळत होते, केस सुटले होते, आणि खरं सांगते, इतकी मजा मला त्याआधी कधी आली नव्हती.

खंड्या शेवटचा सुटला तेव्हा शिट्टी माझ्या तोंडातून निसटली होती. मी छत्रीच पाण्यावर आडवी धरली. तो छत्रीवर आपटला, गोंधळून फडफडला आणि निघून गेला. तेवढ्यात गल्लीत सायकलचा आवाज आला. बाई खांद्यावर जाळ्या घेऊन धापा टाकत आत आल्या.

"किती गेले?"

"एकही नाही."

त्यांनी मला मिठी मारली. धूळ, घाम, फक्की सगळं माझ्या अंगाला लागलं. सामन्याचं काय झालं ते त्या बोलल्याच नाहीत, आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. आमच्या मुली जिंकल्या होत्या हे मला दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी कळलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर अज्जाचा निरोप आला, कुंड भरलंय. माझी तेव्हा टेंभुर्णीच्या शाळेत नेमणूक झाली होती, सामान बांधून तयार होतं, पण मी एक दिवस मागे थांबले. पुन्हा तेच दुधाचे कॅन, तीच एस.टी., या वेळी नरसय्याही बरोबर. कुंडावर सगळं गाव जमलं होतं. अज्जानं कॅनमध्ये हात घातला आणि पिल्लं बोटांना हुळहुळली तसा तो लहान मुलासारखा हसला.

"नेले त्याच्यापेक्षा जास्त आनलेत की, सुगला."

"काही पाखरांनी नेले, अज्जा," बाईंनी सांगितलं. "ही त्यांची पोरं."

कॅन तिरके केले. मासे पायरीवरून पाण्यात उतरले. कॅप्टन सगळ्यांत शेवटी. तो पायरीशी थोडा थांबला, आणि खाली निघून गेला.

अजून लोकांचे चुरमुरे पाण्यावर तरंगत होते, तोच बेलाच्या झाडावरून निळं काहीतरी सुटलं. चुळुक. खंड्या चोचीत चांदीसारखं वळवळणारं काही घेऊन पुन्हा फांदीवर. वर्षभराच्या सवयीनं मी ओरडले, "बाई, शिट्टी!"

बाईंचा हात छातीकडे गेला होताच. शिट्टी हातात आली, ओठांपर्यंत गेली. मग त्यांनी ती हळूच खाली सोडली.

"नको तंगी," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं तो चोर हुता. हितं शेजारी हाय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी बूट काढले, शेवटच्या पायरीवर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. गाडीची वेळ झाली होती, नरसय्या रिकामे कॅन घेऊन रस्त्याला लागला होता. मी वरच्या पायरीवरून मागे वळून पाहिलं. बाई वाकल्या आणि त्यांनी तीन टाळ्या वाजवल्या. रोजच्या, हजेरीच्या.

मी थांबले. पाणी हललं नाही. बाईंनी पुन्हा तीन वाजवल्या, थोड्या जोरात. हिरव्या, खोल पाण्यातून कुणी वर आलं नाही. कॅप्टनही नाही.

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गाल ओले होते आणि चेहरा असा फुललेला, की मुली सामना जिंकल्यावरही मी तो तसा पाहिला नव्हता.

"समदे गैरहजर," त्या म्हणाल्या.